मुलांचा नवा सवंगडी : यंत्रमानव



या पानावर लोणच्याला आलेल्या बुरशीपासून ते जावेच्या टोमण्यांपर्यंत सगळ्या विषयांवर तुमची पत्रं येतात. पण यंत्रमानवाबद्दल कुणी विचारील असं काही मला वाटलं नव्हतं. गेल्या पंधरवड्यात अशी दोन पत्रं आली, आणि दोन्ही बुलढाणा जिल्ह्यातूनच.

पहिलं पत्र मेहकरचं. लिहिणाऱ्या भगिनीची मुलगी आठवीत आहे. तिच्या शाळेत सरकारी योजनेतली प्रयोगशाळा आहे आणि मुलगी शाळा सुटल्यावर तिथे थांबते. तिने व तिच्या गटातल्या तीन मुलांनी मिळून एक छोटी गाडी केली आहे. जमिनीवर काळी पट्टी चिकटवली की गाडी त्या पट्टीवरून आपली आपण चालते. आता ती घेऊन दोन दिवस बुलढाण्याला प्रदर्शनाला जायचं आहे. सासूबाई म्हणतात, "पोरीच्या जातीले काय करायचं हाय ते मशीन?" मुलीचे वडील गप्प आहेत. पाठवू का?

दुसरं पत्र खामगावचं. मुलगा साडेपाच वर्षांचा. पुण्याच्या मामाने वाढदिवसाला बोलणारा रोबो आणून दिला. मुलगा त्याला शेजारी घेऊन झोपतो, त्याच्या तोंडाला वरणभाताचा घास लावतो. मध्यंतरी रोबो बंद पडला तर मुलगा दिवसभर जेवला नाही. "ताई, याच्या डोक्यावर तर काही परिणाम होणार नाही ना?" असं त्या माऊलीने विचारलंय.

खामगावच्या भगिनी, आधी तुम्हाला सांगते. तुमचा मुलगा अगदी ठीक आहे. आपण लहानपणी बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं, मुंडावळ्या बांधल्या, रुखवत मांडलं, आणि बाहुलीची पाठवणी करताना खरंखुरं रडलोही. आपल्याकडे विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडाचा नंदी सजवून दारोदार नेतात. त्या बैलाला कुणी जोराने ओढलं तर "त्याला लागतं ना!" म्हणून भांडतात. या वयात वस्तूत जीव असतोच. तो मूल आपल्या मनाने घालतं आणि मोठं झालं की आपण होऊन काढून घेतं.

फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही, की लाकडाचा बैल उलट बोलत नाही. त्याचं बोलणं मूलच बोलतं, त्याची भूक मूलच ठरवतं. बोलणारा यंत्रमानव मात्र स्वतःहून "मला तू आवडतोस" म्हणतो. मान वळवतो, डोळे मिचकावतो, नाव घेऊन हाक मारतो. मग मुलाने काय समजावं?

अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. नऊ, बारा आणि पंधरा वर्षांची मिळून नव्वद मुलं होती. प्रत्येकाला रोबोव्ही नावाच्या, माणसाएवढ्या उंचीच्या नसल्या तरी मुलाच्या बरोबरीच्या, यंत्रमानवाबरोबर पंधराएक मिनिटं खेळू-बोलू दिलं. मग खेळ ऐन रंगात असताना एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "चल, आता कपाटात जा." यंत्रमानव म्हणाला की माझी पाळी अजून झाली नाही, कपाटात अंधार असतो, मला भीती वाटते. त्याचं न ऐकता त्याला कपाटात बंद केलं. नंतर मुलांना विचारलं तेव्हा बहुतेकांचं म्हणणं पडलं की त्याला भावना आहेत, तो आपला मित्र होऊ शकतो. पुष्कळांना ती वागणूक अन्यायाची वाटली. पंधरा वर्षांच्या मुलांत असं म्हणणारे कमी, लहानांत जास्त.

आता यातली गंमत ऐका. त्या यंत्रमानवाचं बोलणं-चालणं आडून माणसंच चालवत होती! बाहुल्यांच्या खेळात सूत्रधार पडद्याआड असतो ना, तसंच. म्हणजे मुलांना ज्याची दया आली ते खरोखर माणसाचंच बोलणं होतं. तेव्हा मुलांना भोळं म्हणून हसू नका. शाळकरी मुलाने "त्याला वाईट वाटेल" म्हणणं ही माझ्या मते चांगलीच खूण आहे. मांजराच्या शेपटीला डबा बांधणाऱ्यापेक्षा हा बरा, नाही का?

काळजी करायची ती निराळ्याच गोष्टीची. अमेरिकेत मॉक्सी नावाचा एक यंत्रमानव होता. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी केलेला, निळसर रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा. किंमत सुमारे आठशे डॉलर. मुलांशी गप्पा मारायचा, राग कसा आवरावा ते शिकवायचा. एकलकोंड्या मुलांना त्याचा लळा लागला. पण त्याचं डोकं त्याच्या डोक्यात नव्हतं, ते कंपनीच्या दूरच्या संगणकात होतं. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने पैसे संपले म्हणून गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आता हा रोबो गप्प होणार, हे मुलाला कसं सांगावं याचा मजकूर कंपनीनेच आईबापांना धाडला. घराघरांतून मुलं त्या यंत्राला मिठी मारून रडली. पुढे त्याला घरच्या संगणकावर चालू ठेवण्याची काही सोय निघाली म्हणतात, पण ज्याला संगणकातलं कळतं त्यालाच ती करता येणार.

विचार करा, आजी गेली तर आपण मुलाला जवळ घेतो, चार गोष्टी सांगतो. "कंपनी बुडाली म्हणून तुझा मित्र गेला" हे सहा वर्षांच्या मुलाला कोणत्या शब्दांत सांगायचं? म्हणून बोलणारं खेळणं घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: इंटरनेट बंद केलं तर हे चालतं का? चालत नसेल, तर ते खेळणं आपलं नाही. भाड्याने आणलेलं आहे असं समजा.

आणि दुसरा प्रश्न: हे ऐकतं का? म्हणजे घरातलं बोलणं टिपून कुठे पाठवतं का? जर्मनीत २०१७ साली केला नावाच्या बोलक्या बाहुलीवर सरकारने बंदी घातली आणि घरात असेल तर ती निकामी करा असं आईबापांना सांगितलं. कारण तिच्यातला माइक म्हणजे चोरून ऐकण्याचं यंत्र ठरत होतं. आपल्याकडेही २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकाची संमती हवी असं म्हटलं आहे. पण संमती आपण कशी देतो? मोबाईलवर काहीतरी इंग्रजी येतं आणि आपण अंगठ्याने 'हो' दाबतो. मामाने दिलेलं खेळणं असलं तरी ते आपल्या घरातली भांडणं ऐकणार आहे, एवढं लक्षात असू द्या.

मग खामगावच्या बाळाचं काय करावं? रोबो काढून घेऊ नका, आणि "अरे, ते प्लॅस्टिक आहे, वेड्या" असंही म्हणू नका. एखाद्या दुपारी तुम्ही आणि तो मिळून त्याचं पोट उघडा. वीज तोडून, सेल काढून, पेचकसाने. सेल दाखवा, स्पीकर दाखवा, बटणाखालची तार दाखवा. "हा इथून बोलतो, आणि हे संपलं की गप्प होतो." मूल हे फार आवडीने पाहतं. आणि पाहिल्यावरही रात्री घास भरवेल, तर भरवू द्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानायची ताकद मुलांत असते. फक्त घास बाहेरच्या बाहेर हं, आत वरण गेलं तर मामाचे पैसे फुकट.

'रोबो' हा शब्द कुठून आला माहीत आहे? कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिलं, त्यात तो पहिल्यांदा आला. त्यांच्या भाषेत 'रोबोटा' म्हणजे आपल्याकडे जिला वेठ म्हणतात ती, जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायची सक्ती. म्हणजे रोबो हा मुळात वेठबिगार. सांगेल तेवढंच करणारा, आणि सांगेल तसंच करणारा. या "सांगेल तसंच" मध्येच मुलांच्या शिक्षणाची खरी चावी आहे.

सेमूर पेपर्ट नावाचे एक गणिती होते. जिनिव्हात पियाजे या बालमानसशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी काही वर्षं काम केलं आणि पुढे अमेरिकेत गेले. १९६७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. त्या भाषेतल्या हुकमांवर जमिनीवर फिरणारं एक यंत्र केलं. घुमटासारखं, चाकांचं, पोटात पेन धरलेलं. त्याला कासव म्हणत. "इतकं पुढे जा", "इतकं उजवीकडे वळ" असं सांगितलं की कासव कागदावर रेघ ओढत जाई. मुलाला चौकोन हवा असेल तर त्याने तो आधी स्वतःच्या पायाने चालून पाहावा, मग तेच कासवाला सांगावं, अशी त्यांची रीत. कासव चुकलं तर मूल चुकलं असं नव्हे. सांगण्यातली कुठली पायरी सुटली ती शोधायची, एवढंच.

हा खेळ करायला एक रुपयाही लागत नाही. संध्याकाळी अंगणात रांगोळीचा डबा घ्या आणि तुम्हीच कासव व्हा. मुलाने सांगायचं, तुम्ही तंतोतंत तेवढंच करायचं. "आई, चौकोन काढ" म्हटलं तर उभ्याच राहा, कारण कासवाला चौकोन माहीत नाही. "चार पावलं पुढे" म्हटलं की चार पावलं रांगोळी सोडत चला. "वळ" म्हटलं तर विचारा, कुठे आणि किती? भिंत आली तरी थांबू नका, धडका. मुलं हसून हसून लोळतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोर काटकोन शिकलेलं असतं. मग त्याला गोल काढायला सांगा. बराच वेळ डोकं खाजवेल. "थोडं चाल, थोडं वळ, परत थोडं चाल, थोडं वळ" हे त्याचं त्याला सापडू द्या. तोंडावर येईल, पण सांगू नका!

स्वयंपाकघरातही हेच. एक दिवस म्हणा, "मी रोबो. मला चहा करायला शिकव." ते म्हणेल, पाणी ठेव. तुम्ही पाण्याचा तांब्या नुसता ओट्यावर ठेवा. साखर टाक म्हटलं तर डबा उचलून अख्खा ओतायचा आव आणा. आपण रोज डोळे मिटून जी कामं करतो त्यांत किती पायऱ्या असतात हे त्या निमित्ताने मुलालाच काय, घरातल्या पुरुषांनाही कळतं.

शिकवण्याने मूल शिकतं, हे शाळामास्तरांना जुनंच ठाऊक आहे. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या विद्यापीठातल्या लोकांनी याचा छान उपयोग केला. ज्या मुलांचं अक्षर वाईट आणि म्हणून जी लिहायला नाराज, त्यांच्यापुढे त्यांनी नाओ नावाचा जेमतेम दोन फुटी यंत्रमानव बसवला. त्याचं अक्षर मुद्दाम मुलापेक्षाही वाईट! मुलाने त्याला गिरवून दाखवायचं, मग तो हळूहळू सुधारायचा. वर्गात जो नेहमी 'ढ', तो इथे गुरुजी झाला आणि मन लावून लिहू लागला. तुमच्या घरी नाओ नसेल, पण मोबाईल नीट न जमणाऱ्या आजी आहेतच की. "आजीला व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते शिकव, पण फोन तिच्याच हातात ठेवायचा" अशी अट घाला. आजींनाही नातवाने शिकवलेलं गोड लागतं.

आता मेहकरच्या भगिनींकडे वळते.

बाई, तुमच्या घरी शिवणाचं मशीन आहे का? असेलच. दोरा सारखा तुटतो तेव्हा तुम्ही काय करता? आधी सुई बघता, वाकली का, उलटी बसली का. मग वरचा ताण सैल करून बघता. मग बॉबिन काढून तिच्यात गुंता आहे का बघता. मग तेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत चार टाके घालून पाहायचं. तुमची मुलगी त्या गाडीवर नेमकं हेच करते आहे. गाडी सारखी डावीकडे ओढते, तर चाक सैल आहे, सेल उतरलाय, की सूचना लिहिण्यात चूक आहे? त्या गाडीच्या पोटाखाली दोन छोटे 'डोळे' असतात. ते डोळ्यांना न दिसणारा प्रकाश खाली टाकतात. पांढऱ्या फरशीवरून तो परत येतो, काळी पट्टी तो गिळून टाकते. उजव्या डोळ्याला काळं लागलं की उजवीकडे वळ, डाव्याला लागलं की डावीकडे. इतकं साधं आहे ते. पण जमवायला चिकाटी लागते, आणि ती तुमच्याकडूनच तिला मिळाली असणार. सासूबाईंना सांगा, घरात आधीपासून एक मशीन बाईच चालवते आहे.

तिच्या शाळेतली ती खोली म्हणजे बहुधा 'अटल टिंकरिंग लॅब' असावी. नीती आयोगाने २०१६ साली ही योजना काढली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्यातून मोटारी, सेन्सर, छोटे संगणकाचे पट्टे, वस्तू छापणारं यंत्र असं सामान येतं. देशात दहा हजार शाळांत त्या झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार सरकारी शाळांत करण्याचं जाहीर झालं. आकडे मोठे आहेत. तुम्ही मात्र पालकसभेत छोटे प्रश्न विचारा. खोलीची किल्ली कोणाकडे असते? आठवड्यातून किती तास उघडते? तपासणीच्या दिवशीच उघडत असेल तर वीस लाखांचं कुलूप झालं ते.

आणखी एक विचारा, आणि हे मुलीलाच विचारा. गटात तुझं काम काय? पुष्कळ ठिकाणी असं होतं की मुलगे पेचकस घेतात आणि मुलीच्या हाती वही देतात, "तुझं अक्षर छान आहे, तू नोंदी कर." प्रदर्शनात पाहुण्यांना माहिती सांगायलाही तिलाच उभं करतात. गाडी जुळवली कुणी, सूचना लिहिल्या कुणी, तर मुलग्यांनी. तुमची लेक नुसती वही धरत असेल तर बुलढाण्याला जाण्याआधी तिला म्हणा, एकदा सगळी गाडी मोडून तुझी तू जुळव. जुळली, तर तिथे कुणी काही विचारलं तरी ती अडायची नाही.

पाठवायचं का, तर होय, पाठवा. पण डोळे मिटून नव्हे. बरोबर शिक्षिका जाणार आहेत का, राहायची सोय कुठे, संडास-न्हाणीची व्यवस्था काय, तिची पाळी त्या दिवसांत येण्यासारखी असेल तर पिशवीत काय द्यायचं, हे सगळं आधी विचारून घ्या. त्यात संकोच कसला? आणि शक्य असेल तर सासूबाईंनाच दुसऱ्या दिवशी प्रदर्शन पाहायला न्या. नात पाहुण्यांपुढे उभी राहून गाडी चालवून दाखवते आहे, हे पाहिल्यावर बोलणं पुष्कळ बदलतं असा माझा अनुभव आहे. दर बारा जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकायला जातो. तेरा तारखेला मुलीला दोन दिवस परगावी पाठवायचं म्हटलं की आपला पाय अडखळतो. मुलीचे वडील गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंय. गप्प म्हणजे नाही नव्हे. त्यांना एकदा गाडीच्या सेलचा डबा आणायला बाजारात पाठवा, म्हणजे तेही कामाला लागतील.

आता पैशांचं. या दोन्ही पत्रांत नसलेला, पण तुमच्यापैकी पुष्कळींच्या मनातला प्रश्न: गावात रोबोटिक्सचे क्लास निघालेत, फी कित्येक हजार, शिवाय पेटी विकत घ्यावी लागते. घालावं का मुलाला?

जपानमध्ये एका प्राथमिक शाळेत दोन यंत्रमानव दोन आठवडे ठेवून पाहिले होते. २००४ साली त्याची हकिगत प्रसिद्ध झाली. ते फक्त इंग्रजी बोलत. पहिलीच्या आणि सहावीच्या मुलांनी त्यांच्याशी बोलत इंग्रजी शिकावं ही कल्पना. पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती यात्रेसारखी गर्दी. दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली. जी मुलं तरीही जात राहिली त्यांना फायदा झाला, आणि ज्यांना थोडं इंग्रजी आधीच येत होतं किंवा त्याची आवड होती त्यांचीच यंत्राशी जास्त जमली. नवलाई नऊ दिवसांची, दुसरं काय! म्हणून वर्षाची फी एकदम भरू नका. महिनाभर शाळेच्या प्रयोगशाळेत, मित्राच्या घरी, जमेल तिथे करू द्या. महिन्यानंतरही मूल आपण होऊन तारा जोडत बसलं तर पुढचं पाहा. कापूस विकून आलेल्या पैशांवर आधी बियाण्याचा हक्क असतो, मग पेटीचा.

आणि महागाची पेटी म्हणजे जास्त शिक्षण असं मुळीच नाही. मुंबईत पवईच्या केंद्रीय विद्यालयातले संगणकशिक्षक दिनेश पटेल यांनी २०२१ च्या सुमारास 'शालू' नावाची यंत्रमानवी घरी तयार केली. पुठ्ठा, प्लॅस्टिक, लाकूड असं टाकाऊ सामान वापरून, तीन वर्षं खपून, पन्नासएक हजार रुपयांत. ती सत्तेचाळीस भाषा बोलते असं ते सांगतात आणि त्यांत आपली मराठीही आहे. (केरळात २०२४ साली 'आयरिस' नावाची यंत्र-शिक्षिका शाळेत आणली, तिला तर साडीच नेसवली होती. शिक्षिका म्हटली की यंत्रालाही साडी चुकली नाही!) पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथे खेड्यातली मुलं हाताने वस्तू करत शिकत आली. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या मदतीने आधुनिक यंत्रांची 'फॅब लॅब' तिथे सुरू झाली, ती मोठ्या शहरात नव्हे, पाबळसारख्या खेड्यात. अरविंद गुप्तांची काडेपेट्या, जुन्या सायकलच्या ट्यूब आणि फुटक्या पेनांपासून करायची खेळणी तर इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात, मराठी पुस्तकंसुद्धा. आपल्याच जिल्ह्यात शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेजारपाजारचा एखादा तिथे शिकणारा मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आली असेल तर तिला पोहे खायला बोलवा आणि दोन तास पोरांना तिच्या स्वाधीन करा. क्लासपेक्षा स्वस्त पडेल.

एक गोष्ट मात्र क्लासवाले सांगणार नाहीत. २०१८ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांना एक अगदी सोपी परीक्षा दिली: या रेघांपैकी कोणत्या दोन सारख्या लांबीच्या? एकटी असताना मुलांची शंभरात सत्याऐंशी उत्तरं बरोबर आली. मग शेजारी तीन यंत्रमानव बसवले आणि ते तिघे ठासून चुकीचं उत्तर देऊ लागले. मुलांची बरोबर उत्तरं पंचाहत्तरवर आली. चुकलेल्या उत्तरांपैकी चौऱ्याहत्तर टक्के शब्दशः यंत्रमानवांनी दिलेलीच होती. डोळ्यांना दिसतंय एक, आणि मूल म्हणतंय यंत्र म्हणालं ते. मोठी माणसं याला बधली नाहीत.

हल्ली पाचवीचं पोरही मोबाईलला प्रश्न विचारून गृहपाठ करतं. तो जे सांगेल ते वहीत उतरतं. आपल्या जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी अक्षय्यतृतीयेला होते, भाकीत ऐकायला दुरून शेतकरी जमतात. ऐकतात सगळे, पण तिफण जुंपतात ती जमिनीत ओल किती गेली हे हाताने पाहूनच. मुलांनाही तीच सवय लावा. यंत्राने लोणारच्या सरोवराबद्दल काही सांगितलं, तर "पुस्तकात बघ, आणि मग आपण जाऊन पाहू" म्हणा. आठवड्यातून एकदा मुद्दाम खेळ करा: मोबाईलला तुमच्या गल्लीबद्दल, तुमच्या कुलदैवताबद्दल, तुमच्या हातच्या भरडधान्याच्या पिठल्याबद्दल विचारायचं आणि त्याच्या चुका काढायच्या. जास्त चुका काढील त्याला शेगावची कचोरी. यंत्रही चुकतं हे एकदा मुलाने स्वतः पकडलं की त्याची भीड चेपते.

शेवटी सेलांबद्दल, कारण हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. खेळण्यांत आणि रिमोटमध्ये शर्टाच्या बटणासारखे चपटे, चकचकीत सेल असतात. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. शंका आली तरी वाट पाहू नका, ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, सरळ दवाखाना गाठा आणि "बटण सेल गिळलाय" हे शब्द आधी सांगा, म्हणजे ताबडतोब एक्स-रे होईल. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तेच खेळणं घ्या. मोठ्या मुलांच्या गाड्यांत चार्ज करायचे गोल सेल असतात. ते रात्री झोपताना चार्जिंगला लावू नयेत. फुगलेला सेल घरात ठेवू नये, कचऱ्यातही टाकू नये. शाळेत परत द्यावा किंवा दुकानदाराकडे.

पुढच्या आठवड्यात कपाटातल्या गरम कपड्यांना लागणाऱ्या कसरीबद्दल. मलकापूरच्या एका भगिनीने कडुलिंबाच्या पाल्याची एक युक्ती कळवली आहे, ती मी घरी करून पाहते आहे.